आरसा कोणाच्या हातात

"आधी सांग, आरसा कोणाच्या हातात?" काकूंची गोष्ट अशी सुरू व्हायची.

बाबा बाजव्याला रिफायनरीत कंत्राटी कामगार. कंत्राट सुटलं की माझं ताट शेजारच्या काकूंकडे. जेवताना जादूच्या गोष्टी. लांबचं दाखवणारा आरसा, मंतरलेल्या पाण्याची परात. राणीने हरवलेलं लेकरू आरशात शोधलं की काकू मान डोलवायच्या. राजाने त्याच आरशात सुनेची खोली बघितली, की ताडकन म्हणायच्या, "फोड मेल्याचा आरसा!"

"पण तो राजा आहे ना?"

"असेना! तिला कळतंय का, कोणी बघतंय ते? तिला दिसते का त्याची खोली? मग ती चोरीच."

एम.ए.ला मी अशा आरशांवरच प्रबंध घेतला. आमच्या घरात कॉलेज कोणी पाहिलेलं नव्हतं. प्रकरणं काकूंनाच वाचून दाखवायची.

मध्येच काकू न्हाणीघरात घसरल्या. कॅनडातल्या मुलाने ओळखीच्या माणसाकडून हॉलमध्ये कॅमेरा बसवला. काकूंनी त्यावर टॉवेल टाकला. तुम्हीही अशी हट्टी माणसं पाहिली असतील.

मुलाचा मला फोन. "तो टॉवेल काढ गं. नाहीतर मी आईला वासणा भागातल्या वृद्धाश्रमात ठेवतो."

माझं वाचनात लक्ष लागेना. आमच्या दारातून त्यांच्या दारात नुसत्या येरझाऱ्या. काढला तर काकूंशी दगा, नाही काढला तर त्यांचं घर सुटणार. शेवटी त्यांनाच सांगितलं.

त्यांनी माझ्याच फोनवरून त्याला गाठलं. "दीकरा, बघ मला खुशाल. पण एक कॅमेरा तुझ्या स्वयंपाकघरात लाव. मलाही दिसू दे."

"इथे काय बघणार, आई?"

"इथे तरी काय आहे? म्हातारी तुवरीच्या शेंगा सोलते!"

तो चिडला. फोन ठेवून दिला. पण आठवड्याने त्याने स्वयंपाकघरात कॅमेरा लावला आणि काकूंनी टॉवेल काढला. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. काकू हॉलमधल्या टॅबवर त्याला बघून ओरडायच्या, "साखर किती टाकतोस रे!" तिकडून, "गोळी घेतलीस का?" वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही.

काकू गेल्या त्या आपल्याच घरात, दुपारच्या झोपेत. मुलगा आला, दिवस करून कॅनडाला परत गेला. मी संध्याकाळी घर आवरायला गेले, तर टॅब सुरूच. त्यात तो तिकडच्या ओट्याशी चहाचा कप धरून उभा, आपल्या पडद्यावर काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

कॅमेऱ्यावर टाकायला मी टॉवेल उचलला.

"इतक्यात नको गं," तो म्हणाला.

मी टॉवेल घडी करून ठेवला.

प्रबंध मंजूर झाला. बाजव्याच्या कंत्राटी कामगाराची मुलगी एम.ए. झाली.