आप्पांनी काढलेला ड्राफ्ट

आज सोमवार. महादेवाला बेल वाहून आले आणि लगेच वही उघडली. आप्पांचे लिहायचे तर ते हसू ताजे असतानाच लिहिले पाहिजे.

विरुपाक्षआप्पा माझे थोरले दीर. सिरसाळ्यात त्यांची आडत आहे, घराला लागूनच. कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे, आवाज खणखणीत, आणि कुणाच्या पोरीचे लग्न जमवायचे म्हटले की दुकान उघडे टाकून हे निघाले. समाजाने लग्नाळू मुला-मुलींची वेबसाइट काढली, तेव्हा आपल्या भागातल्या मुलींचे बायोडाटा तिच्यावर चढवायचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले. दुकानात तुरीच्या पोत्यांशेजारी कॉम्प्युटर आला.

पहिला बायोडाटा माझ्या ईश्वरीचा. ती गावातल्या शाळेत शिकवते, आणि तिची एकच अट होती: लग्नानंतरही शिकवणार. जवळपासच्या स्थळांना ते पटेना. म्हणून देवाखालोखाल माझी भिस्त या वेबसाइटवर.

पण ती वेबसाइट म्हणजे रुसलेला जावई. ईश्वरीची जन्मतारीख टाकली, तेवीस जून, तर लाल अक्षरे उमटली.

"काय म्हणतंय गं?" आप्पांनी विचारले.

"अशी तारीखच नसते म्हणतंय," ईश्वरी म्हणाली.

"म्हंजी तू जल्मलीच न्हाईस? बारशाच्या घुगऱ्या कुणाच्या खाल्ल्या मग आमी?"

त्या यंत्राला महिना आधी हवा होता, तारीख मागून. ते निस्तरले तर फोटो घेईना. फार मोठा आहे म्हणे. आप्पांनी मूळ फोटो बोटांत धरून पडद्यापुढे नाचवला. "पासपोर्ट साइज हाय बे! ह्याच्याहून बारीक म्हंजी काय तिळावर काढू का पोरीला?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आले. त्याची तूर मोजून आप्पा परत येतात तो सगळे लिहिलेले गायब, आणि पडदा पुन्हा पासवर्ड मागतोय. "माझ्याच दुकानात मलाच इचारतंय, तू कोण म्हणून! कावून रे बाबा?"

शेवटी एकदाचे सगळे भरून झाले. ईश्वरीची शाळेची वेळ झाली, ती गेली. खाली दोन बटणे उरली. एक पब्लिश, दुसरे ड्राफ्ट. आप्पांचा चेहरा उजळला. "हे आपल्या वळखीचं हाय," म्हणाले आणि ड्राफ्ट दाबले. मग एकेक करून बाकीच्या मुलींचेही तसेच चढवले.

पुढे सगळे सामसूम. आठवडे गेले, एक फोन नाही. माझ्या जाऊबाई, महानंदाबाई, भाकरी थापता थापता टोचत, "तुमच्या त्या साइटीपरीस लग्नं जुळवणारी रतनबाई बरी. पाण्याला गेली तरी चार स्थळं सांगून येती." आप्पा ऐकून घेत. बोलणेच कमी झाले त्यांचे. मी महादेवापुढे रोज दिवा लावीत होते आणि मनातून खचत होते. एके दिवशी ईश्वरीच म्हणाली, "आप्पा, ती अट काढून टाका."

तिच्याकडे कुणालाच बघवेना.

आप्पा जड हाताने कॉम्प्युटरपुढे बसले. अट खोडण्याआधी वेबसाइटवर ती कशी दिसते ते बघू म्हणाले, तर बायोडाटाच सापडेना. त्यांनी फोनच्याच तारेवर चालणारे इंटरनेट तोडून फोन मोकळा केला आणि पुण्याला बसवेश्वरला लावला. वेबसाइट तोच सांभाळतो. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"आप्पा, तुमचे सगळे बायोडाटा ड्राफ्टमध्येच पडून आहेत की!"

"मग! ड्राफ्टच काढलाय, चेक न्हाई दिला. चेक परत येतो. ड्राफ्ट कवा परत आलेला बघितलाय का तू?"

पलीकडे बसवेश्वर हसून हसून खोकायला लागला. "आप्पा, तो बँकेतला ड्राफ्ट. इथं ड्राफ्ट म्हणजे कच्चं लिखाण. तुमच्याशिवाय कुणालाच दिसत नाही ते."

आप्पा रिसीव्हर हातात धरूनच आमच्याकडे वळले. मग एकदम ओरडले, "म्हंजी आमच्या पोरीला कुणी नापसंत केलंच न्हाई! कुणी बघितलंच न्हाई की तिला!"

महानंदाबाईंनी पिठाचा हात कपाळाला लावला. "लई शहाणे! सगळ्या समाजाच्या पोरी कपाटात कोंडून बसले!" आणि सगळ्यांत आधी हसू फुटले ते त्यांनाच. ईश्वरी पोत्यावर बसून पोट धरून हसत होती. मी शंभो महादेवा म्हणत डोळे पुसले.

"अट?" आप्पांनी विचारले.

"राहू द्या," ईश्वरी म्हणाली.

आप्पांनी दाणकन पब्लिश दाबले. तिचेही, बाकीच्या पोरींचेही.

मग फोनला उसंत नाही. आप्पा इंटरनेट लावून बसले की फोन लागत नाही, म्हणून महानंदाबाई येताजाता तार उपटायच्या. आज सकाळी अंबाजोगाईहून एक बाई बोलल्या. त्यांचा मुलगा वीरेश. "मी स्वतः शाळेत शिकवते. मुलीची अट वाचली आणि आधी हाच नंबर लावला," म्हणाल्या. मग वीरेशने फोन घेतला. आप्पांनी सगळ्यांना दुकानाबाहेर काढले आणि ईश्वरीला बोलू दिले. महानंदाबाई दाराला कान लावून होत्या, मी त्यांच्यामागे.

ईश्वरी बाहेर आली. चेहरा लाल झालेला.

"यायला सांगू का त्यांना?" आप्पांनी विचारले.

"सांगा," ती म्हणाली, "पण रविवारी. बाकीचे दिवस मला शाळा असते."