मोटार बंद केली का?

वडील गेले, दहावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि तरी रोज दिवेलागणीला ते आमच्या घरात बोलत होते. भुताखेताची गोष्ट नाही ही. मी धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवते, असलं काही सांगणाऱ्याला मी पहिल्या वाक्यालाच गप्प करते. आवाज टॅबमधून यायचा. तो टॅब मीच त्यांना घेऊन दिला होता, केळीचे भाव बघायला.

आमचं गाव रावेरच्या अलीकडे. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच केळीचा एक तुकडा आहे. त्याला अजून ठिबक नाही, पाटानंच पाणी. मोटारीचा स्टार्टर मागच्या दाराशी, भिंतीवर. वडील संध्याकाळी पारावर गप्पा मारायला गेले की मोटार बंद करायचं काम आईचं, आणि मालिका सुरू असली की आई हमखास विसरायची. केळीत तळं व्हायचं. मग त्यांनी कुणाकडून तरी शिकून टॅबमध्ये रोज एकदाच वाजणारा गजर लावला, तोही स्वतःच्या आवाजात: "अव, मोटार बंद केली का? पानी साचून राह्यलं!" आणि शेवटी ते त्यांचं खोकत खोकत हसणं. आई वैतागायची. "घरात नसले तरी डोक्यावर बसेल हायेत," म्हणायची आणि उठून लाल बटण दाबायची. "केली, बाप्पा, केली."

ते गेल्यावर शेत चुलतभाऊ बघायला लागला. त्यानं मोटारीला ऑटो बसवून घेतला. ती वेळेवर आपली आपण बंद होते. गजराची गरज उरली नाही. पण तो काढणार कोण? टॅबच्या कुलपाची नक्षी फक्त त्यांच्या बोटाला ठाऊक होती. तेव्हा आवाज यायचा, आई उठायची, बंद असलेल्या मोटारीचं लाल बटण दाबायची आणि तेच उत्तर द्यायची. शेजारच्या अक्का एकदा ओट्यावर बसल्या असताना आवाज आला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"कावळा तर झटकन शिवला होता व," त्या म्हणाल्या. "मंग आता काय राह्यलं त्याईचं?"

"पानी," आई म्हणाली आणि मागच्या दाराकडे गेली.

आता आईनं काय केलं ते ऐका. वेचणी झालेला कापूस आमच्याकडे भाव येईस्तोवर पुढच्या खोलीत भरलेला असतो, छताला टेकेपर्यंत. चुलतभावाची पोरं टॅब खेळायला मागतात म्हणून तिनं तो कापसाच्या ढिगात खुपसून ठेवला. वायर भिंतीला लावलेली, चार्जिंग कायम चालू. आमच्याकडे सोनंसुद्धा कापसातच ठेवतात; जपायची वस्तू आणखी कुठे ठेवणार? तो आत तापत राहिला. मी संक्रांतीला गेले तेव्हा हात घालून बाहेर काढला, तर बॅटरी फुगून काच एका बाजूनं उचकटली होती. पडदा काळा, बोटाला दाद नाही. पहिला विचार आला तो त्या कापसाचा. एक ठिणगी, आणि आई आत झोपलेली. मी खूप बोलले तिला. तेवढ्यात त्या काळ्या पडद्यामागून आवाज आला, "अव, मोटार बंद केली का?" आणि मी रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी दोघी जळगावला गेलो. टॅब कापडात गुंडाळून आईनं मांडीवर घेतला होता, अख्ख्या बसभर. पहिल्या दुकानदारानं तो हातातही घेतला नाही. दुसऱ्यानं घेतला, भिंगाखाली धरला आणि नीट समजावून सांगितलं. काच अंगाला चिकटवलेली, ती गरम करून सोडवावी लागणार. खाली बॅटरीही चिकटवलेली, आणि फुगलेल्या बॅटरीला उष्णता द्यायची म्हणजे पेट घ्यायची भीती. ह्या मॉडेलचा पडदा आता येत नाही. मेमरी काढून दुसरीकडे लावू म्हटलं तर ती मुख्य बोर्डावरच जडवलेली. आणि बॅटरी काढली की टॅब बंद. पुन्हा चालू झाला की आधी कुलूप उघडायला सांगणार.

"म्हणजे आवाज?" मी विचारलं.

"अवघड आहे, मॅडम. नवीनच घ्या ना."

माझं डोकंच फिरलं. "नवीन घेतला तर त्यात माझे वडील येतील का?" असं मी भर दुकानात ओरडले. गिऱ्हाईकं बघायला लागली. तो बिचारा काय करणार? त्यानं काउंटरखालचं खोकं सरकवून दाखवलं, असल्याच मेलेल्या टॅब-लॅपटॉपनी भरलेलं. आमच्या घरची मोटार किती वेळा जळाली आणि वडिलांनी रावेरला नेऊन नव्या तारेनं गुंडाळून आणली, याचा हिशेब नाही. आत तांबं बदललं, पण मोटार तीच. आणि हे, ज्यात माणूस राहून गेला, ते उघडायचीच सोय नाही. आग लागो असल्या हुशारीला! दुकानदारानं निघताना एवढंच बजावलं, की ह्याला पुन्हा चार्जिंगला लावू नका, घराबाहेर वाळूत ठेवा.

घरी आल्यावर डब्यात वाळू भरून टॅब त्यात खुपसला आणि डबा ओट्यावर ठेवला. चार्जिंगची वायर मी माझ्या पर्समध्ये घातली. आईनं दोनदा मागितली, मी दिली नाही. उरलेलं चार्जिंग संपायच्या आत आवाज मोबाइलमध्ये धरायचा असं मी ठरवलं. संध्याकाळी डब्याशी फोन धरून बसले. "अव, मोटार बंद केली का? पानी साचून राह्यलं!" आणि खोकत हसणं सुरू होतंय तोच मागून आई सवयीनं बोलली, "केली, बाप्पा, केली." म्हटलं, उद्या पुन्हा धरू, आईला गप्प बसवून. दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली, अंधार पडला, आणि डब्यातून काहीच आलं नाही.

मी फोनवरचा आवाज तिला लावून दाखवला. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्याच्यात तर मी पन हाये," ती म्हणाली. "मंग मी पन गेली का?"

मी फोन पालथा ठेवला. "आई, असं काय बोलतेस? तुला वाटेल तेव्हा लावू आपण."

"आपन लावू तवाच बोलतीन ना मंग. ते कवा माह्या सांगन्यावरून बोलले व?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझी बॅग भरत होते; सकाळी धुळ्याला निघायचं होतं. मागून मोटारीचा घरघराट आला. ह्या वेळेला मोटार चालू? मला वाटलं, ऑटो बिघडला. जाऊन पाहते तर आईनं ऑटोचा खटका खाली केलेला, हिरवं बटण दाबलेलं, आणि ती उंबऱ्यावर बसलेली. पाट भरून पाणी केळीत पसरत होतं. ओट्यावरचा वाळूचा डबा तिनं आणून शेजारी ठेवला होता.

मी लाल बटणाकडे हात नेला. तिनं माझं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं घट्ट.

"थांब," ती म्हणाली. "पानी साचू दे. मंग बोलतीन ते."