वारुळाशेजारची अळंबी

२०२२ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथ मशीनवर शिकलो. त्या साली बायकोला टायफॉइड झाला आणि तिचं खाणं तुटलं. पेजसुद्धा दोन घोट. एके दिवशी आपण होऊन म्हणाली, "अळंबी मिळाली तर खाईन." मी लगेच बस पकडून महूकडच्या सागाच्या जंगलात गेलो.

वारुळाशेजारी पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, छत्रीच्या आतल्या बाजूला बारीक पाती. चाकूने कापून पिशवीभर आणल्या. घरी त्यातल्या अर्ध्या पातेल्यात उकळल्या आणि सोबत चांदीचा रुपया टाकला. पणजोबांना दरबारातून मिळालेला. आमच्याकडे अळंबीची परीक्षा त्याचीच, काळा पडला तर विषारी. रुपया काळा पडला नाही. मी निकाल दिला, खायची.

"बाबा, रुपयाला काय कळतंय?" सूनबाई म्हणाली. ती नागपूरची, इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"चांदी झूठ नाही बोलत."

"वारुळावरची होती की शेजारची?"

"शेजारची. शेजारी म्हणजे घरचेच ना!"

"वारुळावरच्या खायच्या अळंबीला लांब मूळ असतं, आत खोल गेलेलं. हिचं कुठंय?"

मूळ मी पाहिलंच नव्हतं. म्हणालो, "जंगलात ठेवलं."

बायको पलंगावरून म्हणाली, "हो गया? भांडा अजून, मी उपाशीच बरी."

सूनबाईने एका ताज्या छत्रीचा देठ काढला, पाती खाली करून ती पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर वाटी झाकली. "सकाळपर्यंत भुकटी पडेल. पांढरी पडली तरी मी खा म्हणणार नाही. हिरवी पडली तर विषारीच. तोवर पातेल्याला हात लावायचा नाही."

मला असा हुकूम कारखान्यातही कोणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी मीच उचलली. कागदावर हिरवट चक्र, एकेक रेघ साफ. घरामागे हातभर खड्डा खणून मी सगळं पुरलं, गायीने तोंड घालू नये म्हणून वर फरशी ठेवली. मग आत जाऊन बायकोला सांगितलं, "विषारी निघाली. माझी चूक झाली."

लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. ती उठून बसली.

"परत म्हणा."

परत म्हणालो.

"आता भूक लागली," ती म्हणाली. मी खिचडी टाकली.