बडेबाबूंची पोच

खिडकीतून अर्ज आत सरकवला की बडेबाबू तो आधी वाचत नसत. चष्म्यावरून तुमच्याकडे बघत आणि विचारत, "दुसरी प्रत आणली काय?" नसेल तर अर्ज परत. असेल तर त्या प्रतीवर शिक्का मारत, आवक क्रमांक घालत, सही करत. मग प्रत तुमच्या हातात देतानाही तिच्यावरचं बोट लगेच उचलत नसत. "हे पोच हाये. जपून ठेवजो."

सरकारी खिडकीत कागद देऊन पुढे काय झालं ते कधीच न कळलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तसं होत नसे, ते या हेडक्लार्कमुळे. सगळे त्यांना बडेबाबूच म्हणत.

मी किन्हीराजा गावचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला परीक्षेच्या यादीत माझं नाव नव्हतं. विद्यापीठ म्हणालं, फॉर्मच आला नाही. माझी पोच आईनं राशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती. बडेबाबू ती घेऊन स्वतः विद्यापीठात गेले आणि माझं हॉलतिकीट घेऊन आले. मी आज पदवीधर आहे तो त्या चिठोऱ्यामुळे. पुढे त्याच कार्यालयात, त्यांच्या शेजारच्या टेबलावर मला कारकुनी मिळाली.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. एम.ए. त्यांनी नोकरीत असतानाच बाहेरून केलं होतं. प्रवेश परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. विषय होता महाविद्यालयाचं प्रशासन आणि शिक्षण अर्धवट सोडलेले विद्यार्थी.

प्राध्यापकांना गंमत वाटली. एक जण रजेचा अर्ज द्यायला आले आणि म्हणाले, "काय बडेबाबू, डॉक्टर झाल्यावर टेबल स्टाफरूममध्ये हलवायचं काय?"

"टेबल इथंच राहीन सर. दुसरी प्रत आणली काय?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. "पोरं अभ्यासानं कमी सुटतात रे. कागदानं जास्त सुटतात. दाखला नाही, सही नाही, तारीख गेली. मंग लाज वाटते, मंग येतच नाहीत. हे कोणी लिहूनच नाही ठेवलं." मधेच कॉलेज सोडून गेलेल्यांची नावं ते अनेक वर्षं एका वहीत उतरवून ठेवत होते. आता रविवारी एसटीनं त्यांच्या गावी जाऊ लागले. बऱ्याचदा मी सोबत असे.

लोकांना वाटे, कसला तरी सर्व्हे आहे, घरकुल मिळणार. शिरपूरला एका म्हाताऱ्यानं ओसरीवरूनच ऐकवलं, "आता कायले आले? पोरगं तं ट्रक चालवून राह्यलं." बडेबाबू म्हणाले, "तेच विचाराले आलो बाबाजी," आणि त्याच्या शेजारी बसले.

ते विचारत, लिहून घेत, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत आणि सही घेत. मग खिशातून छोटं पुस्तक काढून, कार्बन घालून, त्या माणसाला पोच देत. 'आपले म्हणणे मिळाले.' खाली क्रमांक, सही.

"याची पोच कायले?" मी एकदा विचारलं.

"त्यायनं एकदा आपल्याले कागद देला होता. तो हारपला. आता दुसऱ्यांदा बिनपोचीचं घेऊ काय?"

याचा अर्थ मला धनजला कळला. तिथं ज्या बाईकडे गेलो तिचं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाआधी लग्न झालं होतं. नाव बदलल्याचा अर्ज तिनं आमच्या कॉलेजात दिला होता. तो पोचला नाही, नावं जुळेनात, परीक्षेचा फॉर्म परत आला. सासरच्यांनी पुन्हा चौकशीला पाठवलं नाही.

बडेबाबूंनी सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "बाई, तुमचा अर्ज म्याच घेतला होता. माह्या हातानं दुसऱ्या फायलीत गेला. सापडला तवा वर्ष उलटलं होतं. त्या दिवसापासून मी पोच देतो."

बाई म्हणाली, "अन् मले इतके वर्ष वाटे, मीच फॉर्म चुकवला." ती उठून आत गेली. आम्हाला वाटलं, आता बाहेर येत नाही. ती चहा घेऊन आली. निघताना तिनं विचारलं, "हे पुस्तकात येईन काय?"

"येईन," बडेबाबू म्हणाले. "तुमच्यापासूनच सुरू होईन." आणि तिला पोच दिली.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. एवढंच म्हणाले, "हे पुरं झालं पायजे."

त्यांचे मार्गदर्शक वयस्कर होते, विद्यापीठाच्या गावी राहत. बडेबाबू दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल घेऊन त्यांच्या घरी जात, पाया पडत. ते म्हणत, "ठेवा तिथं, सही करून मी पाठवतो." बडेबाबू ठेवून येत. नंतर मार्गदर्शक आजारी पडले, मुलाकडे पुण्याला गेले आणि तिथंच वारले. त्यांच्या घराला कुलूप लागलं. काही महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. सलग तीन अहवाल अप्राप्त, नोंदणी रद्द.

मी त्यांच्यासोबत विद्यापीठात गेलो. खिडकीच्या आत पंचविशीतली एक मुलगी होती. तिनं रजिस्टर पाहिलं, पुन्हा पाहिलं. चांगली होती बिचारी, आवाजही चढवला नाही.

"काका, अहवाल दिल्याची पोच आहे का?"

बडेबाबूंचा हात खिशाकडे गेला आणि तसाच राहिला. "नाही," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मी चिडलो. तुम्ही, तुम्ही घेतली नाही? ते पायरीवर बसले. "गुरूले पोच कशी मांगाव रे? त्यायले वाटलं असतं, याचा भरोसा नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरीनं बरोबर विचारलं. मीबी हेच विचारलं असतं."

वर अर्ज केले. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. नव्यानं प्रवेश परीक्षा द्या, नव्यानं नोंदणी करा. त्यांनी तो फॉर्म आणला, टेबलाच्या काचेखाली ठेवला. खिडकीवर ते अजूनही शिक्का मारत, सही करत; पण ‘जपून ठेवजो’ म्हणायचं बंद झालं. निवृत्तीला चार महिने असताना त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला. मी भेटायला गेलो की डाव्या हातानं कपाटाकडे दाखवत. कपाटात लोकांच्या म्हणण्यांचं खोकं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, खोकं मला दिलं. "इथं पाह्यलं का जीव तुटते," म्हणाल्या.

आता त्या खिडकीत मी बसतो. यंदा प्रवेशाच्या दिवसांत धनजची ती बाई आली. सोबत मुलगी, पहिल्या वर्षाला. मी फॉर्म घेतला, दुसरी प्रत मागितली, शिक्का मारला. बाईनं मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. घडीवर विरत आला होता, पण बडेबाबूंची सही स्वच्छ होती.

"सायबायचं पुस्तक झालं काय? इले दाखवाचं होतं."

सांगावं लागलं. पुस्तक झालं नाही. साहेब वारले.

मुलगी आईकडे बघत राहिली. मागे रांग होती. बाईनं तो कागद खिडकीतून आत सरकवला.

"मंग हे आता कोणापाशी जमा कराव?"

मी दुसरं काय सांगणार होतो? पोच परत घेत नसतात, ती ज्याची त्याच्याकडे राहते, हे बडेबाबूंनीच मला शिकवलं होतं. तेवढंच तिला सांगितलं. तिनं कागदाची घडी घातली, लेकीच्या पोचेसोबत पिशवीत ठेवली आणि रांगेतून बाजूला झाली.