भीमराजच्या बारा पौर्णिमा

हट्ट्याच्या फाट्यावर माझं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक हवेचा पंप आणि मी, ग्यानबा. माणूस सायकल कशी वापरतो त्यावरून तो कसा आहे हे मला बरोबर कळतं, अशी फुशारकी मी पंचवीस वर्षं मारली. हवा न भरता गाडी रेटणारा बायकोलाही तसाच रेटतो, वगैरे. लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं. भीमराजचं झालं तेव्हापासून मी असलं काही बोलत नाही. लिहायची मला सवय नाही, पण हे एकदा लिहून टाकायचं होतं.

भीमराज वसमतच्या मोंढ्यात हमाल होता. हळद आणि कापूस उचलून उचलून त्याची कंबर गेली होती. चालताना डावीकडे झोकांडी जायची. शुद्धीत असला तरी प्यालेला वाटायचा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा प्यालेलाच असायचा. सायकलवर बसला की मात्र काठीसारखा सरळ. हट्टा ते वसमत रोज जाऊन येऊन करायचा, पावसातसुद्धा.

गावापासून चार किलोमीटरवर नाल्याचा पूल आहे, तिथं बाभळी आहेत. मोंढ्यातून परत येताना आठवड्यातून दोनदा तरी हे महाशय त्या बाभळीखाली आडवे असायचे. जाणारे-येणारे बघायचे आणि पुढे जायचे. मी किती वेळा त्याला उचलून आणला असेल, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी शिव्या देत आणला. सकाळी तो दुकानात येऊन मुकाट्यानं चहा प्यायचा आणि मोंढ्यात जायचा. बायको चांगुणा निंदणी-खुरपणीला जायची. एकच लेक, दीक्षा. पोरगी हुशार, आवाज खणखणीत. पौर्णिमेला विहारात वंदना तीच घ्यायची. ती पुढं म्हणायची, बाकीचे तिच्या मागं.

दोन हजार एक सालच्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. आमचं घर धनगराचं, पण खिरीचं बोलावणं मला दरवर्षी असायचं, म्हणून मी विहाराच्या दाराशी बसलो होतो. पंचशील सुरू झालं. भीमराज उशिरा आला, पिऊन आला, आणि सगळ्यांच्या मागं बसून मोठ्यानं म्हणू लागला. चार शीलं झाली. पाचवं आलं, दारू-नशा वर्ज्य करण्याचं, तेव्हा त्यानं आवाज आणखी चढवला. विहारात कोणीतरी खुसकन हसलं.

दीक्षा थांबली. मागं वळली.

"बाबा, पाचवं तुमी म्हणू नका. चारच म्हणा," ती म्हणाली. "न पाळता म्हणलं तर चौथंबी मोडतं. खोटं बोलू नये, ते."

सतरा वर्षांची पोर. पण म्हणाली. भीमराज उठला आणि झोकांडत बाहेर गेला. माझ्या अंगावरूनच गेला. त्याचं तोंड मी पाहिलं आणि मला खीर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच दुकानात आला. सायकल भिंतीला लावली.

"ग्यानबा, हिचं सगळं खोल. चेन, फ्रीव्हील, सगळं. लांब जायचंय."

"कुठं? सासरवाडीला?"

तो हसला नाही. स्टुलावर बसला आणि त्यानं सांगितलं. बारा पौर्णिमा. दर पौर्णिमेला सायकलीवर परगावी जायचं, जिथं त्याला कोणी ओळखत नाही अशा गावाला. तिथल्या विहारात बसायचं आणि पाचवं शील म्हणायचं. महिनाभर एक थेंबही घेतला नसेल तरच म्हणायचं. घेतला असेल तर जायचं, पण चारच म्हणून परत यायचं, आणि ती पौर्णिमा मोजायची नाही. अशा बारा भरल्या की आपल्या विहारात, दीक्षासमोर.

"लांबच कशाला?" मी विचारलं.

"जवळच्या गावात समदे वळखतेत मला. पाचवं म्हणलो की हसतेल. आन् लांब गेलो तर दिवस जातो, पाय मोडतेत, दुसरं काही सुचत न्हाई."

"मग दीक्षाला सांग की."

"न्हाई. सांगितलं आन् मोडलं तर तिच्यापाशी अजून एक खोटं व्हईल. तुला माझ्या लेकराची आन हाय, बोलायचं न्हाई."

मी आन घेतली. माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे अख्ख्या हट्ट्याला ठाऊक आहे, पण ही गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवली. एकदाच गुपित राखलं, आणि नेमकं तेच राखायला नको होतं.

ज्येष्ठात तो पूर्ण्याला गेला. आषाढात परभणीला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पोटात काही नाही, हँडलला पाण्याची बाटली. पहाटेच निघायचा. परत आला की आधी माझ्या दुकानात यायचा आणि एवढंच सांगायचा, "म्हणलो." मी चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून द्यायचो, ब्रेकची रबरं बदलायचो आणि म्हणायचो, "लई मोठा तीर मारलास." दुसरं काय म्हणणार? आतून मला आनंद व्हायचा, पण तो दाखवायची आमच्यात पद्धत नाही.

पोळ्याला मोंढ्यातल्या सोबत्यांनी त्याला पाजली. पुढची पौर्णिमा भाद्रपदाची. तरी तो गेला, औंढ्याच्या पलीकडं एका खेड्यात. संध्याकाळी आला तेव्हा सायकल आडवीच टाकली.

"आज चारच म्हणलो," तो म्हणाला. "शेजारच्या म्हातारीनं बगितलं माझ्याकडं. काहून थांबला म्हणून."

मी सायकल उचलून भिंतीला लावली. त्या साली अधिक महिना आला आणि एक पौर्णिमा जास्तीची मिळाली, म्हणून बुडालेली भरून निघाली. तो मला म्हणाला, "बग, पंचांगबी आपल्या बाजूनं हाय." त्यानंतर त्यानं थेंब घेतला नाही. मी दर आठवड्याला मुद्दाम त्याच्या तोंडाजवळ जाऊन बोलायचो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो.

कार्तिकात कळमनुरी, मार्गशीर्षात हिंगोली. माघात वाशीमला गेला, जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर, रात्री विहारातच झोपला. माझ्याकडची भाड्यानं द्यायची जुनी काळी सायकल चालवून तरणी पोरं वसमतला जाताना कण्हतात. हा पंचेचाळिशीचा, कंबर मोडलेला माणूस.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. गावानं एवढंच पाहिलं की भीमराज आता पौर्णिमेलाही विहारात येत नाही. चालताना तर झोकांडी जातच होती. चांगुणाला घरात वास येत नाही एवढं कळत होतं, पण याआधी दोनदा सोडून त्यानं पुन्हा धरली होती, म्हणून ती बिचारी कशावरच भरवसा ठेवायला तयार नव्हती. दीक्षा नांदेडला डी.एड.ला होती, वसतिगृहात राहायची. जमेल त्या पौर्णिमेला एस.टी.नं घरी यायची, वंदना घ्यायची आणि परत जायची. आली की बाप घरात नाही. फाल्गुनात ती माझ्या दुकानापाशी एस.टी.तून उतरली आणि मला म्हणाली, "काका, बाबा कुठं जातेत पौर्णिमेला?"

"मला काय माहीत?"

"पेऊन पडत असतेल कुठंतरी," ती म्हणाली आणि बॅग उचलून गेली. माझ्या हातात पाना होता, तो मी जमिनीवर आपटला. पण आन घेतलेली.

चैत्रात अकरावी झाली. मग तो स्टुलावर बसून म्हणाला, "बारावी डोंगरकड्याला."

"डोंगरकड्याला? तिथले तर समदे तुला वळखतेत. मोंढ्यात हळद घेऊन येतेत."

"म्हणून तर. सकाळी वळखीच्या लोकांत म्हणून बगतो. जमलं तर सांजच्याला आपल्या विहारात. दीक्षाला सुट्टी हाय, तीच वंदना घेणार."

"वैशाखाचं ऊन बग. लेका, एस.टी.नं जा या खेपेला."

"अकरा सायकलीवर केल्या आन् बारावी एस.टी.नं? मग काय राहिलं त्याच्यात?"

मी चेनला तेल घातलं.

बुद्धपौर्णिमेला रविवार होता. तो कधी निघाला ते मी पाहिलं नाही. अकरा वाजल्यापासून फाट्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर पायाला चिकटत होतं. साडेबाराच्या सुमाराला प्रेमसिंगची काळी-पिवळी जीप थांबली. तो वसमतहून सीटा घेऊन आला होता. खिडकीतूनच ओरडला,

"ग्यानबा, तुझा दोस्त पडलाय की पुलापाशी! पांढरे कपडे घालून, सणाचा. बाटली उशाला हाय."

जीपमधले लोक हसले. जीप गेली.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगतो. गेली बारावी, हाच. डोंगरकड्याला कोणीतरी ओळखीचा भेटला असेल, आग्रह झाला असेल, आणि यानं घेतली. मला असा राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. वर्षभर मी याच्या चाकांच्या तारा कसल्या, याच्यासाठी त्या पोरीशी खोटं बोललो, आणि हा शेवटच्या दिवशी जाऊन पडतो, तेही त्याच बाभळीखाली.

मग दुसरा विचार आला. आत्ता आणला तर भर दिवसा गावातून आणावा लागेल. बुद्धपौर्णिमा, विहाराला पताका लागलेल्या, दीक्षा तिथंच रांगोळी काढतेय. तिच्यासमोरून या अवस्थेत न्यायचा? त्यापेक्षा पडू दे. उन्हं उतरली, त्याची उतरली, की आणू. मला हे शहाणपण वाटलं. मी पंचर काढायला बसलो. ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, ठिगळ दाबून धरलं. मधून दोन सायकलवाले गेले, त्यांनीही तेच सांगितलं. मी म्हणालो, "पाहिलं, पाहिलं. जा तुमी."

चार वाजता निघालो.

तो एका कुशीवर होता. पाय सावलीत आणि डोकं उन्हात होतं, सावली सरकून गेली होती. सायकल बाभळीला नीट टेकवून, कुलूप लावून ठेवलेली. प्यालेला माणूस सायकलला कुलूप लावत नाही, हे मला तिथं कळलं. बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता. मी खाली बसून त्याच्या तोंडाशी तोंड नेलं. वास नव्हता, कसलाच नव्हता. अंग चुलीतून काढलेल्या तव्यासारखं होतं, आणि त्याला घाम नव्हता. मी हाका मारल्या. त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

वसमतकडं जाणारा एक टेम्पो मी रस्त्यात आडवा उभा राहून थांबवला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "प्यायले होते का?" मी ओरडलोच, "न्हाई!" एवढ्या जोरानं की बाहेरचे लोक आत आले. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. पाच-सहा तास तरी उन्हात असतील. लवकर सावलीत नेऊन पाणी मारलं असतं तर कदाचित वाचले असते. डॉक्टर चांगला माणूस होता, त्यानं मला दुसरं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यविधी झाला. त्रिशरण-पंचशील दीक्षानंच म्हटलं. पाचही म्हटली, न थांबता, कोरड्या डोळ्यांनी. लोकांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं, दारूनं गेला. कोणी बोलत नव्हतं एवढंच.

सगळं झाल्यावर एक म्हातारे पुढं आले. डोंगरकड्याचे पुंजाजी. मोंढ्यात हळद आणणारे, भीमराजला वीस वर्षं ओळखणारे.

"कोण दीक्षा?" त्यांनी विचारलं. "बाई, तुझा बाप काल सकाळी आमच्या विहारात आला व्हता. पुढच्या रांगेत बसला. आमी समदे त्याला वळखतो, आमाला वाटलं हा आता काय करतो. त्यानं पाची शीलं म्हणली, पाचवं तर असं म्हणलं की आमी वळून बगितलं. जेवा म्हणलं तर म्हणला, न्हाई, सांजच्याला लेकीसमोर म्हणायचंय, मंग तिच्याच हातची खीर खाईन."

दीक्षा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आन आता उरली नव्हती. मी सगळं सांगितलं. पूर्णा, परभणी, औंढा, वाशीम. चार म्हणून परतलेली एक, आणि पुऱ्या केलेल्या बारा. चांगुणा जमिनीवर बसली आणि तिनं जो टाहो फोडला तो अजून माझ्या कानात आहे. दीक्षा रडली नाही.

"म्हणजे तुमाला माहीत व्हतं, बाबांनी सोडली ते," ती म्हणाली. "गावात तुमाला एकट्यालाच."

"व्हय."

"मंग बाबा पडलेत हे तुमाला कवा कळलं, काका?"

माझ्यामागं प्रेमसिंग उभा होता. तो खाली बघत होता. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"चार वाजता," मी म्हणालो. "कळलं तसाच निघालो."

दीक्षानं मान हलवली, खाली वाकली आणि माझ्या पाया पडली.