चंद्रोदयापर्यंत थांब

आमच्या इमारतीत माझी एक कीर्ती होती आणि ती खोटी होती. हृदयविकाराचा झटका वेळीच ओळखून मी बायकोचा जीव वाचवला, असं पेणकरपाड्याच्या आमच्या सोसायटीत सगळे मानायचे. खरं काय ते फक्त बायकोला आणि शेजारच्या गुजराती भाभींना माहीत होतं. दोघी गप्प राहिल्या, त्यामुळे माझं फावलं. आता ते लिहूनच टाकतो.

आधी मला झटका आला. गिरगावातून इकडे राहायला आल्यावर काही वर्षांनी केबिन रोडवर भाजी घेत होतो, तर छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड, अंगाला घाम. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. इस्पितळात गेलो रुग्ण म्हणून, आणि परत आलो तो तज्ज्ञ होऊन.

संध्याकाळी खाली बाकांवर आम्हा निवृत्तांची बैठक असते. तिथे माझी व्याख्यानं सुरू झाली. हृदय आपल्या मुठीएवढं. वर दोन खोल्या, खाली दोन. मधली दारं एकाच बाजूला उघडणारी. डॉक्टर नळी लावून ऐकतात तो ठोका म्हणजे ती दारं मिटल्याचा आवाज. रक्त सगळ्या अंगाला पाठवायचं, पण मोठी रक्तवाहिनी हृदयातून निघते तिथेच तिच्या पहिल्या फांद्या हृदयाच्या स्वतःच्या स्नायूकडे वळतात. त्यातली एखादी तुंबली की झटका.

एकदा बायको फेऱ्या मारताना हे ऐकत थांबली. म्हणाली, "म्हणजे अगदी तुमच्यासारखं. आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायचं, मग बाकीच्यांचं." बाक हसून हसून हलला.

झटक्याची लक्षणं मी ठासून सांगायचो: छातीत कळ, डावा हात, घाम. माझा झटका जसा होता तसाच सगळ्या जगाचा असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

त्या दिवशी संकष्टी होती. बायकोचा कडक उपवास. दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी, बाकी सगळा चहा. संध्याकाळी मोदकांसाठी नारळ खवता खवता ती उठली आणि स्टुलावर बसली.

"अहो, कसंतरी होतंय. मळमळतंय. इथे दुखतंय." तिने पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवला.

"पित्त," मी म्हणालो. "सकाळपासून चहावर आहेस."

"जबडाही दुखतोय."

"ती दाढ असेल. छातीत दुखतंय का?"

"छातीत नाही हो."

झालं. पोट पित्ताकडे, जबडा दाताच्या डॉक्टरकडे, मी वाटणी करून मोकळा झालो. थंड दूध दिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदय बघितला. "चंद्रोदयापर्यंत थांब. पोटात दोन घास गेले की बरं वाटेल."

ती थोडा वेळ थांबली. तोवर चेहरा राखेसारखा झाला होता. "अहो, हे पित्त नाही. पित्त माझा जन्माचा सोबती आहे, मी त्याला ओळखते. हे वेगळं आहे. कपाळाला हात लावून बघा."

हात लावला. घाम होता, आणि गार होता. त्यानंतर मी जे केलं ते असं: पंखा मोठा केला आणि चंद्र वर आलाय का ते बघायला गॅलरीत गेलो.

गॅलरीतून मला दाराची बेल ऐकू आली. बायकोच भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेली होती. शेजारच्या भाभी त्यांच्या घराची किल्ली ठेवायला आल्या होत्या.

"भाभी, एकसौआठ को फोन लगाओ," बायको सांगत होती. "मुझे हार्ट का लगता है. ये चाँद देख रहे हैं."

भाभींनी पर्समधून फोन काढता काढता माझ्याकडे असं पाहिलं, की तसं आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं. "भाईसाब, चाँद कल भी निकलेगा! इनको बिठाओ, चलाओ मत."

तेव्हा कुठे माझी पाचावर धारण बसली. धावत जाऊन माझी जिभेखाली ठेवायची गोळी आणली. बायकोने दात घट्ट मिटले आणि मान हलवली. "ती तुमची आहे. मला कोणी दिलेली नाही."

रुग्णवाहिकेतून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तारा लावून ईसीजी काढला, कागद बघितला आणि त्यांचा आवाज एकदम शांत झाला. "काकू, हार्ट अटॅकच आहे. तुम्ही वेळेत बोलावलंत. ॲलर्जी, अल्सर, कुठे रक्तस्राव? नाही ना? मग ही ॲस्पिरिन चावून खा."

"उपवासाला चालते का?" बायकोने विचारलं.

"चालते. बाप्पाशी मी बोलून घेते."

माझ्या हातातली गोळी पाहून त्यांनी विचारलं, "ही दिलीत का?" नाही म्हटल्यावर सुस्कारा सोडला. या जातीच्या झटक्यात त्या गोळीने रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो, म्हणाल्या. म्हणजे बायकोने दात उघडले असते तर मी आणखी एक पराक्रम केला असता.

तिची उजवीकडची रक्तवाहिनी तुंबली होती. इस्पितळात ती लगेच उघडली, स्टेंट घातला. तिथल्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. हृदयाचा खालचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेला असतो आणि पडद्याच्या लगेच खाली पोट. तिथल्या स्नायूचं रक्त तुटलं की दुखणं पोटाचं वाटतं. छातीत बायकांनाही दुखतं, पण त्याच्या जोडीला, कधी त्याच्याऐवजी, जबडा, पाठ, मळमळ, दम, न कळणारा थकवा असं काहीही येऊ शकतं. आणि जेवढा वेळ जातो तेवढा स्नायू मरतो. आमचा वेळ कुठे गेला, ते मी त्यांना सांगितलं नाही. जिना चढताना ती आजही मध्येच थांबते. बोलण्याचा वेग मात्र तोच आहे.

ती घरी आली आणि बाकावर विचारणा झाली, "काका, ओळखलंत कसं?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "तिने छातीवर हात ठेवला, मी लगेच ताडलं." पुढे दर वेळी त्यात थोडी भर पडली. एकदा मी बायकोला विचारलं, तू खरं का सांगत नाहीस? म्हणाली, "राहू द्या. तेवढीच तुमची संध्याकाळ बरी जाते."

मग मध्यंतरी एका रविवारी सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ भेटले. दुधाची पिशवी हातात, चेहरा निवांत.

"काका, मिसेसची पाठ आणि जबडा दुखतोय पहाटेपासून. मळमळतंय पण. छातीत काही नाही, तुम्ही सांगता तसलं. म्हणजे पित्तच ना?"

माझी थाप एका बाईच्या जिवाशी येऊन पोचली होती.

"मी खोटं सांगत होतो," मी म्हणालो. "आमच्या हिला छातीत दुखलंच नव्हतं. मीही पित्तच म्हणालो होतो. आत्ताच्या आत्ता एकशे आठ लावा."

"काका, मस्करी करताय?"

मी बायकोला हाक मारली. आम्ही तिघं वर गेलो. त्यांची मिसेस ओट्याशी उभी होती. "काकू, माझा कुकर लागलाय. सुट्टीच्या दिवशी कसलं इस्पितळ?"

"कुकर मी उतरवते," बायको म्हणाली. "मलाही असंच होत होतं आणि मला चंद्राची वाट बघायला सांगितलं होतं. तू खाली बस बघू."

त्या बसल्या. रुग्णवाहिका आली. इस्पितळात ईसीजी काढला, रक्त तपासलं, काही तासांनी दोन्ही पुन्हा केलं. तो सगळा वेळ मी घरात येरझारा घालत होतो. संध्याकाळी त्या परतल्या. हृदय ठणठणीत होतं. पित्तच निघालं होतं.

"काका," दारातूनच त्या कडाडल्या, "अख्खा रविवार गेला माझा! आणि इतके जण सुया टोचून गेले."

मी हात जोडले आणि हसतच सुटलो. माझं हसू थांबेना, तशा त्याही हसायला लागल्या.

मग खाली जाऊन बाकावर सगळं सांगितलं. गॅलरीसकट. मग सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे काका, एवढी वर्षं आम्ही चुकीच्या माणसाचं ऐकत होतो."

"हो," मी म्हणालो.

आता बायको त्या बाकावर बसते. बायकाही थांबून ऐकतात. काल एकीने विचारलं, "पण काकू, समजा मी सगळ्यांना पळवलं आणि पित्तच निघालं, तर लाज नाही का वाटणार?"

"वाटेल की," बायको म्हणाली. "घरी येऊन गरम गरम आमटीभात खायचा आणि लाजायचं."