भावोजींचा कॅप्टन

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे ओल्या वाफ्यातून कोंबडी पळून गेल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घाशी ओळख होईपर्यंत चौथी संपली आणि शाळाही संपली. हे कागद मी कुणाला दाखवणार नाहीच, पण चुकून कुणाच्या हाती लागले तर चुका पदरात घ्याव्यात. कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्याइतका विचार करणारा माणूस आमच्या अख्ख्या वसईत नाही, आणि त्यांच्याइतकं कमी ठरवणारा तर नाहीच नाही.

हे माझ्या नणंदेचे यजमान. मी त्यांना भावोजी म्हणते. वसईतल्या होळी भागात आमच्या वाडीला लागूनच त्यांची वाडी. एका जातीच्या दोन वस्तू असल्या तर भावोजी तासाभरात ठरवू शकतात. पण दोन वेगळ्या जातीच्या वस्तू समोर आल्या की संपलं. पाचूबंदरला मासळी आणायला गेले की दोन पापलेटांतलं एक बरोबर उचलतील, पण पापलेट घ्यावं की खेकडे, यावर उभे राहतील. एकदा तिथली मावशी वैतागून म्हणाली, "काका, ठरवा लवकर. नायतर ही मासळी परत पान्यात जाईल!" त्या दिवशी ते कोथिंबीर घेऊन घरी आले. मिशी ठेवावी की काढावी याचा निर्णय लागेना म्हणून एका लग्नात ते आठवडाभराच्या दाढीत मिरवले. वन्सं म्हणतात, "मला बघायला आले तेव्हा पसंत त्यांच्या आईनं केलं. ह्यांचा विचार अजून चालू आहे."

हसण्यावारी जायचं तोवर ठीक होतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाला नायगावला फ्लॅट घ्यायचा होता. वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकला तर पैसे जुळत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा." भावोजी म्हणाले, "बघूया." एका बाजूला फ्लॅट, एका बाजूला केळीची जुनी लावण. बघता बघता फ्लॅट दुसऱ्याने घेतला. मुलगा तिकडेच भाड्याने राहायला गेला. रविवारी यायचा, आईशी बोलायचा, मला "मामी, बरी आहेस ना?" विचारायचा, जेवायचा आणि जायचा. बापाशी एक शब्द नाही. भांडण असतं तर परवडलं असतं. भांडणात निदान बोलणं होतं.

आमच्या आळीतल्या पोरांचा मोबाइलवर फुटबॉलचा एक खेळ चालतो. परदेशातले खरेखुरे खेळाडू निवडून प्रत्येकाने आपली टीम करायची. खर्चायला सगळ्यांना सारखेच खोटे पैसे. तुमचे खेळाडू खऱ्या मॅचमध्ये कसे खेळतात त्यावर तुम्हाला गुण. पैज नाही, पण जो शेवटचा येईल त्याला मे महिन्यात लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशी जी मॅच होते, तिच्यात गोलकीपर म्हणून उभं राहावं लागतं. भावोजींचा मुलगा या खेळात होता. एक दिवस भावोजी पोरांना म्हणाले, "मलाही घ्या." का ते सगळ्यांना कळलं. पोरांनी लगेच घेतलं.

आणि पहिल्याच दिवशी भावोजी अडकले. गोल मारणाऱ्या दोघांतला एक त्यांनी निवडला. पण उरलेल्या पैशांत आणखी एक गोल मारणारा येत होता, नाहीतर मागे राहून अडवणारे दोघे. ते मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर आले. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. "वहिनी, मोगरा आणि मुळा यांतलं चांगलं काय, सांगा बरं."

मला का विचारलं, तर मी मध्ये बोलत नाही म्हणून. मी मुलखाची बुजरी. गॅसवाला आला तरी दाराआडून बोलते. फुटबॉलमधलं मला एवढंच ठाऊक होतं की चेंडू आमच्या वांग्यांत पडतो. पण माझ्या गप्प बसण्याला भावोजी अभ्यास समजले. वाट बघत बसले. शेवटी मला बोलावंच लागलं. "सगळ्या वाफ्यांत मोगरा लावत नाही ना आपण? मोगऱ्याला भाव असतो, पण घर मेथीवर चालतं."

भावोजींनी मान डोलावली आणि टीममध्ये बरीचशी मेथी लावली. महागडा एकच घेतला. आणि काय सांगू, पहिले काही आठवडे ते वर चढले! माझ्या डोक्यात हवा गेली. भाकरी थापताना मी घरच्यांना विचारायला लागले, "आज कुणाची मॅच?" आमचे हे म्हणाले, "चौथी पास कोच आल्या, उठून उभे राहा सगळे."

मग कॅप्टनचा प्रश्न आला. कॅप्टनला गुण दुप्पट. भावोजींनी माझ्यासमोर फोटो धरले. मी डोळे बारीक करून जाणत्यासारखं पाहिलं आणि एकावर बोट ठेवलं. "हा."

"हाच का?"

"सगळ्यांचे शर्ट सारखे, ह्याचा वेगळा. बँडवाल्यांत मास्तरचा कोट वेगळा असतो की नाही? हाच मुख्य."

तो गोलकीपर होता.

गोलकीपरला कुणी कॅप्टन करत नाही, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. ज्याने गोल करायचा त्याला करतात. पोरं हसून लोळली. भावोजी सरसर खाली यायला लागले. त्या रविवारी मुलगा जेवता जेवता आईला म्हणाला, "आई, ह्यांना सांग, गोलकीपर कॅप्टन ठेवत नाहीत."

भावोजी भाताकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, वहिनींनी सांगितलंय."

मी वन्संच्या मदतीला गेले होते, वाटीत आमटी वाढत होते. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं. दुसऱ्या दिवशी धीर करून मी ओट्यावरून म्हटलं, "भावोजी, चूक माझी. बदला तो."

"नको."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून एवढं झटकन उत्तर आलेलं मी ऐकलं. मग ते हळूच म्हणाले, "तो दर रविवारी काहीतरी बोलतो, वहिनी. कॅप्टन बदलला तर काय बोलेल?"

मोसमभर त्यांनी तो कॅप्टन हलवला नाही. मुलगा आईमार्फत ओरडायचा, ते आईमार्फत उत्तर द्यायचे, आणि वन्सं म्हणायच्या, "मी काय पोस्टमन आहे?" शेवटी भावोजी शेवटचे आले. गुडघा दुखरा, पोट सुटलेलं, आणि मे महिन्याच्या उन्हात गोलात उभे.

बायकांच्या घोळक्यात मला लाज वाटते म्हणून मी गोलच्या मागे, जाळीपाशी उभी होते. बिनलग्नाच्यांना पेनल्टी मिळाली. मारायला आला तो त्यांचाच मुलगा. चेंडू ठेवला, दोन पावलं मागे गेला, थांबला. मग सरळ चालत बापापाशी आला.

"बाबा, तुमच्या डावीकडे मारणार आहे. गुडघा सांभाळून पडा."

भावोजींचा चेहरा मला दिसत नव्हता. आवाज तेवढा ऐकू आला. "खरं सांगतोस का फसवतोस?"

"आता ते तुम्हीच ठरवा ना."

मी मनात म्हटलं, झालं. आता हे संध्याकाळपर्यंत विचार करणार. पण मुलाने चेंडूला पाय लावायच्या आधीच भावोजी डावीकडे आडवे झाले होते. अख्खा गोल उघडा. "दुसऱ्या बाजूला मार, दुसऱ्या बाजूला!" पोरं बोंबलत होती. त्याने बापाच्या डावीकडेच मारला, चांगला जोरात, आणि चेंडू बदकन भावोजींच्या पोटावर बसला.

मुलगा धावत आला. "लागलं?"

"लागलं रे. पण अडवला ना?"

"अडवलात. उठा. आणि तो गोलकीपर पुढच्या वर्षी काढा आधी." दोघं मातीने भरलेले, एकमेकांना धरून उभे राहिले. बिनलग्नाची पोरं मुलाला शिव्या घालत होती.

फ्लॅट काही झाला नाही. मुलगा अजून नायगावलाच भाड्याने राहतो. पण आता भावोजी टीमचं त्यालाच फोन करून विचारतात. वाडीच्या बांधावर उभे राहून तासन् तास बोलतात, काहीच ठरवत नाहीत, आणि तो तिकडून ओरडत असतो. आमच्या ओट्यावर त्यांची फेरी होत नाही. मी जुड्या बांधते. कधी कधी एखाद्या खेळाडूबद्दल माझं मत अगदी ओठांवर येतं. पण आपण होऊन बोलायची मला सवय नाही, आणि विचारायला कुणी येत नाही.